रोग्याचा आप्त कोठें निजणार?

जालना जिल्ह्यांतील मंठा तालुक्यांतून एखाद्या वृद्धेस शस्त्रक्रियेसाठीं जालन्यास किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयांत न्यावयाचें ठरलें, म्हणजे तिच्याबरोबर निम्में घर निघतें. कोणी स्वयंपाकासाठीं, कोणी औषधें आणावयास, कोणी नुसतें उशाशीं बसावयास. रुग्णालयाच्या दृष्टीनें ही सारी गर्दी. रोग्याच्या दृष्टीनें हाच त्याचा धीर. आपल्या बहुतेक इमारतींच्या नकाशांत खाटांना जागा असते, यंत्रांना असते. या माणसांच्या वांट्यास जिन्याच्या पायऱ्या येतात. परक्या जागेच्या या धास्तीनें कित्येक रोगी दुखणें अंगावर काढतात, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे.

याच धास्तीचा विचार विदर्भाच्या पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यांत, मुळापासून झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ या संस्थेचें कार्य आरंभिलें. इस्पितळाची भीति कां वाटते, हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. उत्तरें मोठीं मार्मिक होतीं. पांढरें वस्त्र आम्ही प्रेतास गुंडाळतों. तेंच नेसलेलीं माणसें आमचा जीव कसा वांचविणार? आप्तांना रोग्याजवळ राहूं देत नाहींत. आणि तुमच्या दवाखान्यांत देव कोठें आहे?

शोधग्राम येथें १९९३ मध्यें सुरू झालेला दवाखाना या उत्तरांवरूनच आंखला गेला. नांव मां दंतेश्वरीचें, आवारांत तिचें देऊळ, आणि लांबलचक वार्डाऐवजीं गांवांतल्या घरांसारख्या झोपड्या, जेथें नातलगहि रोग्याबरोबर राहतात. शहरांतील वास्तुशास्त्रज्ञांना हें सुचलें नसतें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

गर्दीनें जंतुसंसर्ग वाढतो, असें सुज्ञ वाचक म्हणतील. तें खरेंच आहे. शस्त्रक्रियागृहांत सोयरेमंडळी नकोतच. परंतु त्यावर उपाय नातलगांना हांकलून देण्याचा नसून त्यांना नीट जागा देण्याचा आहे. हात धुण्यास नळ, शिजविण्यास ओटा, निजण्यास पडवी आणि स्वच्छ शौचकूप ज्यास मिळत नाहीं, तोच खाटेखालीं पथारी पसरतो.

इमारतीचा रोग्यावर परिणाम होतो, हें निव्वळ भावनेचें बोलणें नव्हे. रॉजर उलरिच यांनीं १९८४ सालीं अमेरिकेंतील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांपैकीं निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे सरासरीनें सुमारें पाऊण दिवस आधीं घरीं गेले व त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेंहि कमी लागलीं. अभ्यास लहान होता, हें ध्यानीं ठेवावें. पण मराठवाड्याच्या उन्हांत खिडकीबाहेरचा निंब सांवलीहि देतो, हा लाभ वेगळाच.

आपल्या वाचकवर्गांत डॉक्टर आहेत, तसे देणगीदारहि आहेत. रुग्णालयासाठीं देणगी देतांना नांवाची शिळा कोठें बसणार, हें आपण सहज विचारतों. त्याच बैठकींत नकाशा मागवून घ्यावा, आणि रात्रीं रोग्याची सून किंवा मुलगा कोठें निजेल, ती जागा बोटानें दाखवावयास सांगावें.