मेकओव्हर बाथरूमचा, चेकअप भिंतीचा!

रिसेलचा वन बीएचके घेतलात, हप्ते सुरू झाले, हॉलला रंगही लागला. मग नजर जाते बाथरूमकडे. आठ बाय बाराच्या फिक्या गुलाबी टाइल्स आणि मधोमध फुलांचा गुच्छ! नव्वदच्या दशकातलं हे सौंदर्य रोज सकाळी सोसवत नाही, मान्य. मग दोन वीकेंड शोरूममध्ये जातात. मॅट की ग्लॉसी, बेज की ग्रे, यावर घरात छोटंसं महायुद्ध पेटतं. टाइल ज्या भिंतीवर बसणार, तिची मात्र कुणी साधी चौकशीही करत नाही. आणि पुढे बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

तोडायचं की झाकायचं?

'तोडफोड कशाला, जुन्यावरच बसवू' ही ऑफर हमखास येते. धूळ नाही, राडारोडा नाही. झक्कास! चांगलं अ‍ॅडहेसिव्ह वापरलं तर हे जमतंही, पण जुनी टाइल घट्ट असेल तरच. नाणं घेऊन एकेक टाइल ठोकून बघा. पोकळ, बद्द आवाज आला की समजा, मागचा माल सुटलाय. अशा दोन-चारच निघाल्या तर तेवढ्या काढून जागा भरून घेता येते. भिंतभर निघाल्या तर मुकाट्याने छिन्नी-हातोडा! खालच्या काकूंच्या छताला ओल असेल, तर ठोकून बघायचीही गरज नाही, तोडाच. टॉयलेट-सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाच्या माथी असतो.

तोडायचं ठरलं, की आधी सोसायटीला लेखी कळवा. आणि टाइल निघाली म्हणजे काम झालं असं नाही. मागचा भुसभुशीत माल वीट दिसेपर्यंत खरवडून काढायला लावा. जुने जीआय पाइप बदलायची हीच वेळ. नवी सीपीव्हीसी लाइन टाकली, की झिरी बुजवण्याआधी तोंडं बंद करून प्रेशर टेस्ट घ्या. प्लंबर 'कशाला, मी गॅरंटी देतो ना' म्हणेल. हसून टेस्ट घ्याच.

ओळंबा आणि धीर

आता प्लॅस्टर. कॉलम-बीमचं काँक्रीट गुळगुळीत असतं, त्यावर टाचे मारल्याशिवाय माल धरत नाही. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे चिकन मेश हवी, नाहीतर नेमकी तिथेच चीर पडते. गवंड्याला ओळंबा आणि गुनिया लावून दाखवायला सांगा, यात त्याचा अपमान वगैरे काही नाही. जुन्या छोट्या टाइल्समध्ये भिंतीचा बाक खपून जायचा. हल्लीच्या दोन बाय चार फुटांच्या टाइलला एवढासा उंचवटाही चालत नाही, लगेच एकीची कड दुसरीच्या वर येते. प्लॅस्टर खरखरीतच ठेवा आणि किमान सात दिवस पाणी मारा. मजुरी स्क्वेअर फुटावर ठरली असेल तर हे सात दिवस गवंड्याला नकोसे असतात. म्हणून प्लॅस्टरचे पैसे वेगळे ठरवा.

मग वॉटरप्रूफिंगचा कोट. जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा, नहाणी ट्रॅपची कड आणि शॉवरची अख्खी भिंत, इथे कंजुषी नको. ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी भरा, 48 तास तसंच ठेवा आणि खालच्या काकूंकडे चहाला जा. छत बघायला, अर्थातच!

एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच कुणी सांगतं. भिंतीची सिरॅमिक टाइल 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, म्हणून गवंडी ती बादलीत भिजवून साध्या सिमेंटवर लावतो. व्हिट्रिफाइड मात्र जेमतेम अर्धा टक्का शोषते. साधं सिमेंट तिला धरतच नाही आणि वर्षा-दोन वर्षांत ती सुटते. तिला अ‍ॅडहेसिव्हच लागतं. पिशवीवर आयएस 15477 आणि टाइप बघून घ्या. बजेट ताणलं जात असेल तर टाइल एक नंबर स्वस्त घ्या, पण इथे हात आखडू नका.

टाइल चढण्याआधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना पाइप नेमका कुठे आहे, हे त्यातच दिसेल.