गाण्याच्या स्पर्धेची निवडचाचणी

लातूरचा रोहित राऊत २००९ साली 'सारेगमप लिटल चॅम्प्स'च्या अंतिम फेरीत गायला. पुढे २०२० मध्ये 'इंडियन आयडॉल'चा उपविजेता ठरला. मला गाणारे मित्र विचारतात, तेथवर जायचे कसे?

नोंदणी सोपी आहे. वाहिनी आपल्या पडद्यावरच मुदत जाहीर करते. मग माहिती भरून गाण्याची छोटी चित्रफीत मोबाईलवरून पाठवायची. मागे वाद्ये नकोत आणि पंखा बंद हवा. (आमच्या नांदेडला मे महिन्यात हे तपच!)

खरी चाळणी पुढे. पहिल्या फेरीत पडद्यावरचे नामवंत परीक्षक बहुधा नसतात. कार्यक्रमाच्या चमूतले जाणकार ऐकतात आणि मिनिटभरात थांबवतात. म्हणून लांबलचक आलापात वेळ दवडू नये. आवाजाचा पल्ला कळेल ती ओळ आधी घ्यावी. पट्टी घरीच पक्की करावी, कारण घाबरलेला गायक हमखास वरची धरतो. दुसरे गाणे निराळ्या धाटणीचे असावे. नकलेला तेथे फारशी किंमत नाही, असे माझे मत आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा, नामांकित वाहिन्या नोंदणीसाठी पैसे घेत नाहीत. "निवड झाली, अनामत भरा" असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा. वडिलांनी आडतीवरून आणलेली सोयाबीनची पट्टी अशा ठगांसाठी नाही.

मुंबईस बोलावणे आलेच, तर आदल्या दिवशीच पोहोचावे. रात्रभर गाडीत जागलेला गळा सकाळच्या रांगेत साथ देत नाही.