बापाला वाचता न आलेली पुस्तके

वॉल्टर डीन मायर्स हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसेल. अमेरिकेतले हे कृष्णवर्णीय कादंबरीकार. जन्म १९३७ चा, निधन २०१४ साली. शंभराहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. त्यांतली पुष्कळशी वयात येणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे ज्या वयात पोरगा धड बापाचे ऐकत नाही आणि धड स्वतःचेही नाही, त्या वयासाठी.

अगदी लहानपणी आई वारली. हर्बर्ट आणि फ्लोरेन्स डीन या जोडप्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांना पोटच्या पोरासारखे वाढवले. नावातले 'डीन' त्यांच्याच ऋणाचे. हर्बर्ट झाडलोटीची नोकरी करीत. फ्लोरेन्सबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण पोराला मांडीवर घेऊन प्रेमकथांच्या मासिकातल्या ओळींवर बोट फिरवत वाचायच्या. तेवढ्यावर पोर वाचायला शिकले. मायबहिणींनो, त्यासाठी भारी पुस्तक लागत नाही!

वॉल्टरचे बोलणे अडखळत असे. वर्गातली मुले हसत आणि हा ठोसे लगावी. वाचनालयातून पुस्तके आणायचा तीही खाकी कागदी पिशवीत लपवून, गल्लीतली पोरे चिडवतील म्हणून. हुशार मुलांसाठीच्या स्टायवेसंट हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला; पण कॉलेजसाठी घरात पैसा नाही हे उमगले आणि शाळेत जाणेच सुटत गेले. सतरा वर्षे पूर्ण होताच ते लष्करात भरती झाले. पुढे बांधकामावर मजुरी करताना एका शिक्षिकेचा सल्ला त्यांना आठवला, काहीही झाले तरी लिहिणे सोडू नकोस. रात्री ते लिहायला बसू लागले.

शाळा सुटण्याचे कारण नुसती गरिबी नव्हती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. इतकी पुस्तके वाचली, त्यांत आपल्यासारखी माणसे, आपली गल्ली कुठेच नाही! मग वाचनावरचे मनच उडाले. नंतर जेम्स बाल्डविन यांची हार्लेमवरची 'सनीज ब्लूज' ही कथा हाती पडली. आपल्या वस्तीविषयी लिहायला जणू कुणी परवानगी दिली, असे त्यांना वाटले. मृत्यूच्या काही महिने आधी, मार्च २०१४ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या लेखात त्यांनी हिशेबच मांडला: २०१३ साली निघालेल्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांपैकी काळ्या माणसांविषयीची फक्त ९३.

त्यांची गाजलेली कादंबरी 'मॉन्स्टर' १९९९ ची. सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात अडकला आहे आणि कोठडीत बसून तो स्वतःच्या खटल्याचा सिनेमा लिहितो. ही तऱ्हा हवेतून आलेली नाही. मायर्स यांनी तुरुंगांत जाऊन कैद्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. घरादाराविषयी बोलताना 'मी, मी' म्हणणारा माणूस गुन्ह्यापाशी आला की दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसा बोलू लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले. स्टीव्हही स्वतःकडे तसाच कॅमेऱ्यातून बघतो. वाईट संगत लागलेल्या मुलावर नुसते ओरडणाऱ्यांनी ही कादंबरी समजून घ्यावी.

हर्बर्ट यांनी मात्र लेकाच्या एकाही पुस्तकावर चकार शब्द काढला नाही. पुस्तक हातात द्यावे, तर ते बाजूला ठेवून देत. मायर्स यांना हे फार खुपत असे. हर्बर्ट वारल्यावर उलगडा झाला: त्यांना वाचताच येत नव्हते. मुलाची वही चाळून गुपचूप परत ठेवणारे बाप कोणत्या वस्तीत नाहीत? त्या गप्प बसण्याचा अर्थ मुलाला कुणी सांगत नाही, आणि बाप तर सांगणारच नाही.

२०१२ आणि २०१३ ही दोन वर्षे मायर्स अमेरिकेत बालसाहित्याचे राष्ट्रीय राजदूत होते. वाचन ही ऐच्छिक गोष्ट नाही, हे घोषवाक्य त्यांनी स्वतः निवडले. तेव्हा वय चौऱ्याहत्तर. शाळांबरोबरच सुधारगृहांतल्या मुलांनाही ते भेटत असत.