शारदेचा सौदा

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या नावावर सात नाटके आहेत. त्यांतली सहा उसनवारीची. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, ‘संशयकल्लोळ’चे मूळ थेट मोलिएरपर्यंत जाते. स्वतंत्र असे एकच, 1899 चे ‘संगीत शारदा’. जरठ-कुमारी विवाहावरचे नाटक ही त्याची ओळख शाळेपासून कानांवर पडते आणि बहुधा म्हणूनच ते नीट वाचायचे राहून जाते. देवलांचा खरा रोख म्हाताऱ्या नवऱ्यापेक्षा मुलीच्या बापावर आहे. भुजंगनाथावर ते प्रेक्षकांना पोटभर हसू देतात. कांचनभटावर हसताना मात्र घास अडकतो. एकाच्या नावात साप, दुसऱ्याच्या नावात सोने, आणि सौदा जुळवायला भद्रेश्वर दीक्षितासारखा दलाल. शारदेची आई विरोध करते, पण तिच्या शब्दाला घरात किंमत नाही. किंमत आहे ती मुलीला, आणि तीही रोख.

ही निवड धोरणी होती. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र दुभंगला तो वयाच्या प्रश्नावर, दहा की बारा यावर. वयाच्या वादात सनातन्यांच्या हाती शास्त्रवचने होती. पैशाच्या वादात ती नव्हती, कारण कन्याशुल्क घेणाऱ्या बापाला खुद्द मनुस्मृतीच अपत्य विकणारा म्हणते. जिथे प्रतिपक्षाला बचावच नाही, नेमका तिथे देवलांनी घाव घातला.

यावर सुधारकी आक्षेप जुनाच आहे. लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाले म्हणून, आणि शेवटी कोदंड या तरुणाशी शारदेचा विवाह होतो तो शंकराचार्यांच्या संमतीने. मुलीच्या हक्काचे काय? आक्षेप खोटा नाही. पण किर्लोस्कर मंडळीच्या खेळाला बसणाऱ्या प्रेक्षकाला त्याच्याच घरातले हत्यार दाखवणे आवश्यक होते, एवढे देवलांच्या बाजूने म्हणता येते. गोत्रे वेगळी असती तर काय, याला नाटकात उत्तर नाही. गाण्यांनी विषय बोथट केला, ही तक्रार मला तितकी पटत नाही. नाट्यगृहात पाऊल न टाकणाऱ्या घरांपर्यंत शारदेचे दुःख पोहोचले ते पदांवाटेच.

‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला, असा गोड गैरसमज आपल्याकडे आहे. ते नाव अजमेरच्या हरविलास सारडांचे. 1929 च्या त्या कायद्याने मुलीला 14 आणि मुलाला 18 ही किमान वये ठरवली; वराच्या वयाला वरची मर्यादा घातली नाही. चौदा पूर्ण झालेली मुलगी भुजंगनाथाच्या गळ्यात बांधणे त्यानंतरही कायदेशीरच होते, आणि बापाने मोजून घेतलेल्या पैशांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.