बॅटरीचा पोशिंदा

मृगाचा पाऊस पडून गेला आहे. जमिनीला वाफसा आला आहे. शेतकरी पहाटे ट्रॅक्टरवर बसून किल्ली फिरवतो. पण 'टक्' असा आवाज होतो आणि सारे स्तब्ध! काल सायंकाळपर्यंत सुरळीत चाललेले यंत्र एका रात्रीत कसे रुसले? "बॅटरी गेली," असे म्हणून नवी बॅटरी आणली जाते आणि थोड्याच दिवसांत तिचीही तीच गत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार!

मुलांनो, बॅटरी ही विजेचा झरा नव्हे; ती विजेचा रांजण आहे. इंजिन सुरू करताना तो थोडा रिता होतो. त्याला पुन्हा भरणारा पोशिंदा म्हणजे अल्टरनेटर हे जनित्र. चुंबक हलवला असता तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. याच तत्त्वावर चालणाऱ्या अल्टरनेटरला इंजिन एका पट्ट्याने फिरवते.

अल्टरनेटर बंद पडला, तरी साधे डिझेल इंजिन लगेच थांबत नाही. कारण त्यातील इंधन विजेच्या ठिणगीने नव्हे, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. म्हणून दोष दिवसभर दडून राहतो आणि सकाळी उघडकीस येतो.

तो शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. बहुतेक ट्रॅक्टरांवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. किल्ली फिरवताच तो लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा. तो विझला नाही, तर बॅटरी भरत नाही असे समजावे. मग इंजिन बंद करून पट्टा पाहावा. तो सैल किंवा झिजलेला असेल, तर घसरतो आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. नंतर बॅटरीच्या तारांचे जोड पाहावेत. त्यांवर पांढरी वा हिरवट भुकटी साचली असेल, तर विजेची वाट अडते.

एवढे निर्दोष असल्यास व्होल्टमीटर लावावा. बारा व्होल्टांची भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता हा आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ पर्यंत चढावा. तो चढत नसेल, तर अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या तारांत बिघाड आहे. तो १५ च्या वर गेला, तर व्होल्टता आवरणारा नियंत्रक बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतील पाणी लवकर आटते.

ही कामे जाणत्या माणसानेच करावीत. बॅटरीत दाहक गंधकाम्ल असते आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने भडकतो. चालू इंजिनावर बॅटरीच्या तारा कधीही काढू नयेत. त्याने अल्टरनेटर जळू शकतो.

रिकामा रांजण पाहून त्याला दोष देणे सोपे असते. तो भरणारी धार कोठे अडली, हे जो शोधतो, त्याचा पैसा वाचतो आणि वाफसाही साधतो.