खुब्याचे दुखणे : मालिश नको, व्यायाम हवा

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही कष्टकरी बाईला विचारा, काय दुखते? उत्तर ठरलेले असते, "कंबर." पाठ दुखली तरी कंबर, कुल्ला दुखला तरी कंबर, जांघेत कळ आली तरी कंबरच. पुरुषमाणूस तर तेवढेही सांगत नाही. लंगडत कामावर जातो आणि येताना मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन येतो. आरोग्य शिबिरात नावे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे असते. आम्ही केसपेपरवर "कंबरदुखी" असे लिहितो, आणि आत डॉक्टर "बोट ठेवून दाखवा" म्हणतात तेव्हा कित्येकदा ते बोट कंबरेवर नसते, खुब्यावर असते. दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे, अशी वर्षे जातात.

खुबा म्हणजे मांडीचे हाड कंबरेच्या हाडात बसते तो सांधा. खलात बत्त्याचे गोल टोक बसावे तसा मांडीच्या हाडाचा गोळा एका खोलगट वाटीत बसलेला असतो. हा सांधा खूप आत असल्यामुळे खुद्द सांधा बिघडला तर दुखते ते बहुधा पुढे, जांघेत. मांडी घालता येत नाही, पायाची नखे काढताना हात पोचत नाही, सकाळी उठल्यावर थोडा वेळ पाय आखडलेला वाटतो. उतारवयात हे बहुतेक झिजेमुळे होते. दुखणे बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल, जिना चढताना कळ येत असेल, तर सांधा बहुधा ठीक असतो. कुल्ल्याचे स्नायू ज्या दोऱ्यांनी हाडाला बांधलेले असतात त्या दोऱ्या दुखावलेल्या असतात. चाळिशी ओलांडलेल्या बायकांत हे दुखणे फार. आणि कुल्ल्यातून निघालेली कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मूळ मणक्यात असू शकते. तो विषय वेगळा.

आता व्यायामाने काय होणार, असा प्रश्न येतोच. दिवसभर झाडू मारणारी, पायऱ्या चढणारी बाई म्हणते, "आमचा व्यायाम रोजचाच आहे." तिचे म्हणणे चुकीचे नाही, पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. चालणे म्हणजे दर पावलाला एका पायावर उभे राहणेच. त्या वेळी कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू तिला ओढून धरतात. ते कमजोर झाले की माणूस डुलत चालू लागतो. दुखते म्हणून अंथरुणाला पाठ टेकवली की ते आणखी बारीक होतात, मग आणखी दुखते. कामाच्या ओझ्याने स्नायू थकतात. मोजून-मापून, हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने ते बळकट होतात.

हे नुसते सांगण्यापुरते नाही. खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांची तुलना केली गेली आणि निष्कर्ष २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. काहींना व्यायाम आणि उठण्या-बसण्याचे शिक्षण दिले, काहींना स्टेरॉईडचे इंजेक्शन, काहींना फक्त थोडी माहिती देऊन थांबायला सांगितले. आठ आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ७७ जणांनी बरे वाटते असे सांगितले, इंजेक्शनवाल्यांपैकी ५८ आणि नुसते थांबलेल्यांपैकी २९. सांध्याची झीज असेल तर व्यायामाने झिजलेली कुर्ची परत येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वेदना मात्र कमी होते आणि चालणे सुधारते.

घरी करण्यासारखे व्यायाम साधे आहेत. चटईवर उताणे झोपावे, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर टेकवावेत आणि कुल्ले हळूच वर उचलून पाच आकडे मोजेपर्यंत धरावेत. दुसरा, त्याच स्थितीत जुन्या साडीची पट्टी दोन्ही मांड्यांभोवती बांधून गुडघे बाहेरच्या बाजूला हलकेच रेटावेत. पाय हलायला नको, नुसता जोर जाणवला पाहिजे. तिसरा, खाटेवर किंवा खुर्चीवर बसून हाताचा आधार न घेता सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. हा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण म्हातारपणी संडासला आपले आपण उठता येणे याच ताकदीवर अवलंबून असते. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा करावा. डाळ शिजत असताना कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन व्यायाम होतात. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर संख्या कमी करावी. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. आपल्याकडे लोक चौथ्या दिवशी सोडून देतात आणि पुन्हा तेल घेऊन बसतात. तेलाने बरे वाटते हे खरे, पण तेवढ्यापुरतेच. दुखऱ्या जागी कोपर रोवून रगडणारा मालिशवाला तर दुखावलेली दोरी आणखी दुखावतो.

काही सवयी बदलायला पैसा लागत नाही. रेशनच्या रांगेत एका पायावर भार टाकून उभे राहू नये. लेकराला कुल्ला बाहेर काढून एकाच कडेवर घेऊ नये. दुखऱ्या बाजूच्या कुशीवर झोपू नये आणि दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवावी. पिशवी उचलायचीच असेल तर ज्या बाजूचा खुबा दुखतो त्याच बाजूच्या हातात घ्यावी, आणि काठी मात्र विरुद्ध हातात. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. पाण्याचे हंडे घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी भरावेत, हे आम्ही वेगळे का सांगावे? जमिनीवर बसवत नसेल त्याने बिनदिक्कत खुर्ची घ्यावी. विहारात वंदनेला एखादे आजोबा खुर्चीवर बसले तर तो काही अनादर नव्हे.

परंतु काही दुखणी अशी आहेत की आधी तपासणी, मगच व्यायाम. म्हातारे माणूस पडले, पाय टेकवेना, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर हाड मोडले आहे असे समजून सरळ रुग्णालयात न्यावे. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढू नये. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल तर क्षयाचीही शंका घ्यावी लागते, कारण क्षय सांध्यालाही होतो.

तरुणाच्या जांघेतल्या दुखण्याकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये. मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून मरू लागते, असा एक विकार आहे. अनेक दिवस घेतलेले स्टेरॉईड, अतिरेकी दारू आणि सिकलसेल ही त्याची मोठी कारणे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण घरोघरी माहीत आहेत. अशा घरातला विशीतला मुलगा लंगडू लागला तर "खेळताना लचकला असेल" म्हणून सोडू नये. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. कोविडनंतर २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांना स्टेरॉईड घेतलेल्या काही रुग्णांत हाच विकार आढळला होता. गावोगावी सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. त्यांतही स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर आनंद मानण्याऐवजी त्या पुडीवर संशय घ्यावा.

फिजिओथेरपी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असा समज आहे. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली या विद्येचे शिक्षण सुरू झाले, ते सार्वजनिक रुग्णालयातच. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले आहेत. अडचण असते ती खाड्याची. रोज जाणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पहिल्याच भेटीत तसे सांगावे. "मला आठवड्यातून एकदाच येता येईल, घरी करायचे व्यायाम शिकवा आणि कागदावर काढून द्या," असे म्हणावे. शेकण्याच्या यंत्राखाली वीस मिनिटे पडून परत येऊ नये, व्यायाम मागून घ्यावा. सिकलसेलचे कार्ड असेल तर ते, जुने एक्स-रे आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.