दीर्घकाळ रक्तात टिकणारे लिपोसोम

लिपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थराची अतिसूक्ष्म, पोकळ पिशवी. तिच्या पोकळीत औषध भरता येते. ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात या पिशव्यांचे वर्णन केले.

साधे लिपोसोम रक्तात फार काळ टिकत नाहीत. यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी ते गिळून टाकतात. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बसवतात. या साखळ्या पाणी धरून ठेवतात; त्या जलमय आवरणामुळे रक्तातील प्रथिने लिपोसोमला सहजी चिकटत नाहीत व भक्षक पेशींना त्याची ओळख उशिरा पटते. अशा लिपोसोममधील डॉक्सोरुबिसिन या कर्करोगविरोधी औषधाचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे ५५ तास असते.

कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असल्याने त्यांच्या भित्तींत फटी राहतात. सुमारे ८० ते १०० नॅनोमीटर व्यासाचे लिपोसोम त्यांतून गाठीत झिरपतात आणि लसीकेचा निचरा अपुरा असल्याने तेथेच साचतात. मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली. हृदयाच्या रक्तवाहिन्या अखंड असल्याने तेथे औषध कमी पोहोचते. डॉक्सोरुबिसिन हृदयाला घातक असल्याने ही बाब मोलाची आहे.

जेरुसलेममधील बारेनहोल्झ व गॅबिझॉन यांच्या संशोधनातून तयार झालेल्या 'डॉक्सिल'ला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे तेथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे 'लिपोडॉक्स' तात्पुरते आयात करण्यास अमेरिकी औषध प्रशासनाने मुभा दिली. २०१३ मध्ये या कंपनीच्या जेनेरिक औषधाला तेथे रीतसर मान्यताही मिळाली.

'नॅनो औषध' म्हणजे हमखास गुण, असा समज मात्र बरोबर नाही. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ रुग्ण स्त्रियांवरील चाचणीत (२००४) आयुर्मान साध्या डॉक्सोरुबिसिनइतकेच राहिले. हृदयाची हानी मात्र बरीच कमी झाली. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात नॅनोकणांच्या दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा मध्यक वाटा केवळ ०.७ टक्के आढळला.

नाव एकच असले तरी साधे व लिपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिन एकमेकांऐवजी देता येत नाही. दोन्हींची मात्रा वेगळी असते. पहिल्या सलाईनच्या वेळी धाप लागणे, चेहरा लाल होणे अशी प्रतिक्रिया उमटू शकते. औषध त्वचेतही साचते, त्यामुळे तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. त्या दिवसांत गरम पाणी, कडक ऊन व घट्ट पादत्राणे टाळावी लागतात.